घरटी एक माणूस

प्रिय शिवानंदा,

फोनवर हे बोलायला जमलं न्हाई म्हणून कागद घेतलाय. सातवी अर्ध्यात सोडलेल्याचं अक्षर हाय, सांभाळून घे. तुझा फोन लागतो तो पंचायतीसमोरच्या कट्ट्यावर, तिथं दहा कान असतात. हे तुझ्या एकट्यासाठी हाय.

मडगावचं हॉटेल सोडलं, मग खडी मशीन सोडली, आता कच्छात पवनचक्क्यांचे बोल्ट आवळतो. वर चढलं की चारी बाजूंनी पांढरं मीठ, पाण्याचा थेंब न्हाई. मला तेच बरं वाटतं. आमचा धाकटा वासू गेल्यापासनं वाहत्या पाण्याचा आवाज आला की माझा डोळा लागत न्हाई.

साकवाचा फोटो पोचला. एवढासा पूल, पण झकास झालाय. तालुक्याच्या निधीच्या सभेत तू आमच्यासाठी किती झगडलास ते काशीकाकूनं सांगितलं. गणेशगुडीचे लॉजवाले, गोव्यात राबणारी पोरं, तालुक्यातले सगळे थोडं थोडं टाकतात, त्याच्या व्याजातनं गावांची कामं होतात, एवढं मला ठाऊक होतं. पण कुणाचं काम आधी, हे असं सगळ्यांसमोर हात वर करून ठरतं, हे नव्यानं कळलं. कुणी शाळेचं छप्पर मागितलं, कुणी स्मशानाची शेड, आणि तू व्हाळाच्या पाण्यावरचा साकव. तेव्हा म्हणे महाबळेश्वरमामा म्हणाले, “पलीकडं घरं चार. साकव माणसांना की गव्यांना?” सगळे हसले. मग आई उठली. आमची आई चार माणसांत कधी तोंड उघडत न्हाई, तुला माहीत हाय. ती म्हणाली, “माझा वासू अजून अलीकडंच हाय. त्याला घरी यायचंय.” पुढं कुणी हसलं न्हाई. पहिला हात मामांचाच वर गेला.

तिला खुळी समजू नको. वासू त्या पावसात बसमधनं उतरला, पलीकडं घरी यायला व्हाळावरच्या ओंडक्यावर पाय ठेवला आणि वाहून गेला. छत्री अलीकडच्या काठावर मिळाली, तो मिळालाच न्हाई. आईनं त्याचे दिवस घालू दिले न्हाईत. अजून त्याचं ताट वाढते.

मग निधीनं सिमेंट-लोखंड दिलं आणि नेम घातला, हात गावानं लावायचे, घरटी एक माणूस. आमच्या घरात आई एकटी, तिचा गुडघा गेलेला. मी येतो म्हणालो होतो. काम संपल्यावर तुझा फोन आला. गुणा, तू राबलास तसं कुणी राबलं न्हाई, म्हणालास. पण तोंडाला टॉवेल गुंडाळून बसतोस, कुणाशी बोलत न्हाईस, शहरात जाऊन मोठा झालास व्हय, म्हणून टोमणा मारलास. कुदळ डाव्या हातानं कधीपासनं मारायला लागलास, तेही विचारलंस. मी हसलो. तुला वाटलं लाजलो.

नंतर मी तुला आडून आडून एकेक विचारत गेलो, तू गप्पांत सांगत गेलास. तो टॉवेलवाला सगळ्यांच्या आधी येऊन काठावर बसलेला असायचा. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा त्याचा सदरा वाळायचा न्हाई, तू म्हणालास घामानं. समोरच्या काठावर आई उभी असायची, तरी जेवायला कामासाठी टाकलेल्या फळीवरनं पलीकडं गेला न्हाई, मान खाली घालून अलीकडंच बसायचा. शेवटी आईनं तुझ्या हाती डबा धाडला. फणसाची भाजी होती, आणि त्यानं बोटं चाटून खाल्ली.

शिवा, फणसानं माझं तोंड सुजतं, लहानपणापासनं. हे आईला ठाऊक हाय. आमच्या घरात फणसावर जीव टाकणारा एकच होता, माझ्याहून वर्षानं धाकटा, आणि मास्तरांनी हात बांधून ठेवला तरी डाव्यानंच लिहिणारा. आम्हा दोघांना टॉवेल गुंडाळला तर तूही चुकशील. चुकलासच. मी त्या महिन्यात कच्छातनं हाललो न्हाई. आई फोनवर येते तेव्हा तिकडं ऊन कसं हाय एवढंच विचारते. साकवाला आलास, चार दिवस राबलास, असं एकदाही म्हणाली न्हाई. तिला पहिल्या दिवसापासनं कळलं होतं ती कुणाला जेवू घालते.

आता तू म्हणतोस, तुळशीचं लग्न झालं की साकव चालता करायचा. ज्यांनी हात लावला ते घरटी एकेक जण ओलांडणार, पहिलं नाव आमच्या घराचं, म्हणून मी यायलाच पाहिजे. त्याच्यासाठीच हे लिहितोय. मी येणार न्हाई. आमची पाळी आली की माझं नाव पुकारू नको, वासूचं पुकार. आईला पलीकडच्या टोकाला उभी कर आणि तो पोचेपर्यंत दुसऱ्या कुणाला साकवावर पाय ठेवू देऊ नको. पोचला हे कसं कळायचं ते मला ठाऊक न्हाई. तू आईच्या तोंडाकडं बघ. गुणा का आला न्हाई, असं ती विचारणार न्हाई, पण गाव विचारेल. त्यांना सांग, निधीचा नेमच तसा हाय. घरटी एक माणूस.

तुझाच, कोरड्या मुलखातनं,
गुणा