पित्त नव्हतं, नाना

नाना, आठवी 'ब'च्या वर्गात मी जे पाहिलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता सांगून काय होणार, हे कळतं. पण दुसऱ्या कुणाला सांगायला गेले की मीच विषय बदलते.

मी जळगावच्या ज्या शाळेत मराठी शिकवते तिथे आता दर शनिवारी एक 'मनमोकळा तास' असतो. बाकी कुणी घेतला नाही म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. प्रशिक्षणाला जाऊन आले, तरी खरं सांगते, माझाच त्यावर फारसा विश्वास नव्हता. मैत्रीण गप्प गप्प राहायला लागली तर तिला कसं विचारायचं, असलं काहीबाही मी शिकवायचे. कुणी एकाएकी घाबरलं, श्वास लागला, तर आधी मोठ्या माणसाला बोलवा, गर्दी करू नका, एकानेच शेजारी बसा, हळू बोला, समोर काय काय दिसतंय ते विचारा. मुलं खिदळायची. स्टाफरूममध्ये तर उघड चेष्टा व्हायची, आणि त्यात गणिताचे सर सगळ्यांच्या पुढे. "बाई, हे लाड आमच्या वेळी नव्हते. पोरं टणक व्हायला पाहिजेत. केळीसारखी वाढवाल तर पहिल्या वादळात आडवी होतील." मला त्यांचा राग यायचा नाही, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता, तुमचाच. चाचणीत कमी मार्क पडले म्हणून मी रडत घरी आले, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "रडून गणित सुटत नाही. डोळे पूस आणि पाटी घे." मी डोळे पुसले होते. गणितही सुटलं होतं.

तर त्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधीचा तास चालू होता. आठवी 'ब'मधली एक मुलगी धावत स्टाफरूममध्ये आली आणि दारातूनच म्हणाली, "बाई, चला. सर खाली बसलेत." मला वाटलं, पाय घसरून पडले असतील. मी वर्गाच्या दारात पोचले आणि तिथेच थिजले. गणिताचे सर फळ्याखाली जमिनीवर बसलेत. हातात खडू तसाच आहे, शर्ट घामाने पाठीला चिकटलाय, तोंड उघडं आहे आणि श्वास आत जात नाहीये. आणि वर्ग, नाना, तो गोंधळी, कुणाचं न ऐकणारा वर्ग अगदी शांत आहे. सगळे आपापल्या बाकावर. फक्त एक मुलगी, चोपड्याकडच्या केळीवाल्यांची, सरांच्या शेजारी मांडी घालून बसलीय. एरवी ती सरांसमोर उभी राहिली की तिची बोबडी वळायची. ती म्हणतेय, "सर, खिडकीतून काय दिसतंय ते सांगा ना." सर कसेबसे म्हणाले, "टाकी." "अजून?" "निंब." "निंबावर काय आहे, सर?" सरांनी मान वळवून पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ती घाबरली नाही. म्हणाली, "असू द्या सर. आम्ही आहोत इथं."

मी शिकवलं होतं ते, पण मला स्वतःला पुढे पाऊल टाकता येईना. कारण सरांनी मान वळवली तेव्हा तो चेहरा मला तुमचा दिसला. 

मी सहावीत होते त्या वर्षी तुम्ही शाळेत शिकवायला जायचं थांबला होतात. स्वयंपाकघरात चुलीजवळच्या भिंतीला टेकून तुम्ही बसलेले आहात, ताटात भाकरी आहे, घास मोडलेला आहे, तो हातातच आहे, आणि गालांवरून पाणी वाहतंय. भर दुपार आहे. बाहेर आईला कुणीतरी विचारतंय, मास्तर दिसत नाहीत बरेच दिवस. आई म्हणतेय, "त्यास्ले पित्त व्हयेल शे." पित्त झालंय त्यांना. मग कुणी ताक पाठवायचं, कुणी आवळ्याचं चूर्ण. आम्ही भावंडं तुमच्यापासून दूर दूर, भिंतीकडेने चालायचो. एकदा तुम्ही मला म्हणालात, "बैस जरा." मी बसणार तेवढ्यात आईने हाक मारली, "त्यास्ले पडू दे, तू इकडे ये." मी गेले. मग कधीतरी एके सकाळी तुम्ही धोतर नेसून शाळेत गेलात आणि त्याबद्दल घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. अजूनही डॉक्टरांनी घरच्यांच्या आजारांचं विचारलं की मी सांगते, वडिलांना पित्ताचा त्रास होता. पन्नाशी उलटली, पोरांना मन समजावून सांगायला लागले, तरी ते पित्त नव्हतं हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही!

सरांना दवाखान्यात नेलं. हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टर म्हणाले, हा भीतीचा झटका आहे आणि हा पहिला नाही. सरांच्या पत्नी बाहेर बाकावर बसून मला हळूच म्हणाल्या, "मोटारसायकल रस्त्यात थांबवून बसून राहायचे. मला म्हणायचे, पंक्चर झाली होती." 

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. संस्थेचे एक विश्वस्तही आले होते. गावात त्यांचं मोठं दुकान आहे, माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "मॅडम, बाहेर एवढंच सांगायचं की शुगर कमी झाली. कशाला उगाच मास्तरची बदनामी?" मला एकदम आईचा आवाज ऐकू आला. मी म्हटलं, "भाऊ, सरांचं काय सांगायचं ते सरांना विचारून सांगू. पण शुगर म्हणून नाही सांगायचं. त्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलंय. आज त्यांच्याशी खोटं बोललो, तर उद्या त्यांच्यापैकी कुणाला असं झालं की ते आपल्याकडे येतील का?" त्यांनी हातातला पेपरवेट टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "विचारा त्यांना."

सर म्हणाले, "खरं तेच सांगा. माझ्याने नाही होणार, तुम्ही सांगा." पालकसभेत मी सांगितलं. एकजण उठून म्हणाले, असल्या माणसाच्या हातात आम्ही पोरं द्यायची? दोघांनी मुलांच्या तुकड्या बदलून घेतल्या. सरांशेजारी बसलेल्या त्या मुलीचे वडील मागे उभे होते. ते एवढंच बोलले, "आमची पोर घरी येऊन जेवली आणि झोपली. घाबरली नाही. मग आपण कशाला घाबरायचं?" सर उपचार घेऊन पुन्हा रुजू झाले. तास कमी केलेत. पहिल्या दिवशी वर्गात गेले, फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्या दिवशी समीकरण अर्धं राहिलं होतं. कुणाला येतं पुढचं?" सगळ्या वर्गाने हात वर केले. निम्म्यांना येत नव्हतं, तरीही.

मागच्या रविवारी मी एसटीने चोपड्याला, आपल्या घरी गेले. आई ओसरीत तूर निवडत होती. आता तिला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने विचारावं लागलं, "आई, नानांना पित्त नव्हतं ना?" तिचा हात सुपातच थांबला. मग ती खाली बघूनच म्हणाली, "मले माहीत व्हतं. पन पित्त म्हनलं का लोके ताक धाडतस. दुसरं काही म्हनतू, ते तुन्हं लगीन व्हतं का?" माझं लग्न मोडू नये म्हणून, नाना! सहावीतल्या पोरीचं लग्न. तिनेही ते एकटीने गिळलं होतं, आणि तुम्ही तिच्या शेजारच्या भिंतीला टेकून बसला होतात. दोघांपैकी कुणाजवळ कुणी बसलं नाही. मी तिच्याजवळ बसले. तिने सूप थोडं माझ्याकडे सरकवलं. आम्ही तूर निवडत राहिलो.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. म्हणून एक सांगून टाकते. तुमच्या रागाची आम्हाला सवय होती, नाना. तुमच्या रडण्याची मला भीती वाटायची. अजून वाटते.