बाराव्या खुर्चीवरची पानं

लंडन, ७ मे १७६८

प्रिय टॅबी,

लॉर्डसाहेबांनी बनवायला सांगितलेल्या बारा सोनेरी, हातवाल्या खुर्च्या काल त्यांच्या घरी पोचल्या. अख्खी सेंट मार्टिन्स लेन दारात उभी राहून बघत होती आणि मी मान ताठ करून गाडीमागून कोपऱ्यापर्यंत चालत गेले. हसू नकोस. माझ्या जागी तू असतीस तर नाचली असतीस.

तुला कळवलं नव्हतं, पण नाताळापासून तुझ्या बाबांचा उजवा हात थरथरतो. बिअरचा पेला धरवत नाही, तिथे पटाशी काय धरणार? कारखान्याच्या मालकांना कळलं असतं तर तीस वर्षांचं त्यांचं कोरीवकामाचं बाक दुसऱ्या कारागिराला गेलं असतं. अकरा खुर्च्या कशाबशा झाल्या. बाराव्या खुर्चीच्या हातांवर कोरलेली पानं मात्र ओबडधोबडच उतरली, ना शिरा, ना कडा. बाबा तिच्याकडे पाठ करून बसले.

ते मला जन्मभर काय चिडवायचे, आठवतंय? "मी कोरायचं आणि तू खडूत बुडवायचं!" खडू आणि सरसाचे आठ लेप दिल्याशिवाय सोन्याचा वर्ख बसत नाही, आणि लेपाखाली कोरीवकाम बुजतं. ते पुन्हा लेपात कोरून काढण्याचं काम मी वीस वर्षं करतेय, पण त्यांच्या रेघेवरून. या वेळी रेघच नव्हती. मी दहा लेप चढवले आणि सगळी पानं माझ्या मनाने कोरली. वर्ख लावून कुत्र्याचा दात बसवलेल्या घोटणीने घोटून चकाकवला. तुझ्यापाशी संकोच कसला, पानं झकास झाली.

मालक बघायला आले आणि नेमके तिथेच थांबले. म्हणाले, "एबेल, म्हातारपणी हात तरुण झाला की रे तुझा!" बाबांनी नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. पण सगळ्या कारागिरांसमोर ते म्हणाले, "माझा हात गेला, साहेब. ही पानं हिची आहेत. ऐन उमेदीतही मला अशी जमली नसती." टॅबी, मला रडू फुटलं. वीस वर्षांत त्यांनी माझ्या कामाला कधी 'बरं'सुद्धा म्हटलं नव्हतं.

मालक बराच वेळ कडा चाचपत राहिले. मग म्हणाले, "हे बाक तुमच्याच घराण्याकडे राहू दे. पण लाकूड कोरणारा हात लागेल. सप्टेंबरपर्यंत आणून दाखव."

म्हणून हे पत्र. तू चौदाव्या वर्षी पटाशी मागितलीस, तेव्हा "मुलींनी वर्ख लावावा" म्हणून बाबांनी ती हिसकावून घेतली, आणि तू बाथ शहरी भटाऱ्याकडे बिस्किटांचे लाकडी साचे कोरायला निघून गेलीस. पाच वर्षं तुम्ही दोघं बोलला नाहीत. काल जेवता जेवता बाबा म्हणाले, "पोरीला लिही. म्हणावं, बाप चुकला. डोळे माझे शाबूत आहेत, हात तिचे हवेत." मी म्हटलं, तुमची सही हवी, नाहीतर तिला खरं वाटणार नाही. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीच्या दोन्हींवर सही बिघडली म्हणून त्यांनी ती पत्रं फाडली. आता बजावलंय, कशीही येवो, हेच जाईल.

तुझीच,
आई

आणि तुझाच,
बाबा