आतल्या भाडेकरूचा माग

३ ऑगस्ट १९८४, मुलुंड
नलिनीला टीबीच! तिने राधाला मांडीवरून उचलून आधी माझ्याकडे दिलं. थुंकीतले जंतू जाईपर्यंत बाळ जवळ नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. संध्याकाळी मेहुणा दत्ताराम आणि त्याची बायको मालन राधाला नाहूरला घेऊन गेले. सात महिन्यांचं पोर — बाटली, दुपटी, खुळखुळा, सगळं एका पिशवीत. नाहूर तसं हाकेच्या अंतरावर. तरी घर खायला उठलंय.

८ ऑगस्ट
रोज सुई — स्ट्रेप्टोमायसिन. नलिनी घाबरते. वर्गात शिकवतो तो अकरावीचा धडाच तिला ऐकवला. पेशीत प्रथिनं विणणारा माग असतो, त्याचं नाव रायबोसोम. जंतूचा माग लहान, जुन्या घडणीचा. यीस्ट, गहू, उंदीर, माणूस — आपले सगळ्यांचे मोठे, एकाच घराण्यातले. ही सुई जंतूच्या मागात जाऊन बसते, विणकाम चुकवते. आपल्या मागाला ओळखतही नाही!
दत्ताराम आलेला. गिरणीत मागावर होता, संपापासून घरीच. म्हणाला, "चुकीचो धागो लागलो की सगळा कापड फुकट! होय मा, भावोजी?" अगदी बरोबर.
नलिनी म्हणाली, "म्हणजे माझा माग शाबूत ना? मग टोचू देत."

१९ ऑगस्ट
खोकला कमी. वजन वाढलं. राधाचं झबलं उशाशी घेऊन झोपते.

११ सप्टेंबर
हल्ली रेडिओ केवढा मोठा लावते! आज ओरडलो तिच्यावर. मग दिवसभर वाईट वाटत राहिलं.

२६ सप्टेंबर
कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या आणि ती शेजारीच भाजी निवडत बसलेली. मागून हाका मारल्या. खांद्याला हात लावला तेव्हा दचकली. मग रडू फुटलं तिला. कितीतरी दिवस कानात रातकिडे ओरडतायत म्हणे! कानात आवाज आला तर लगेच सांगा, असं डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते.
"सांगितलं असतं तर सुई बंद केली असती त्यांनी. राधाचं येणं आणखी लांबलं असतं."
मी गॅस बंद केला.

२८ सप्टेंबर
सुई बंद, आता नुसत्या गोळ्या. गेलेले कान परत येत नाहीत म्हणाले.

९ ऑक्टोबर
वर्गात मायटोकाँड्रिया शिकवत होतो. पेशीला शक्ती पुरवणारे हे कण. फार फार पूर्वी एक जंतू दुसऱ्या पेशीत पोटभाडेकरूसारखा शिरला आणि कायमचा तिथलाच झाला. माग मात्र अजून स्वतःचाच चालवतो — जंतूच्या घडणीचा, जुना... फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबला. म्हणजे सुई नलिनीच्या कानाच्या पेशींत जाऊन यालाही जंतूच समजली का? दरवर्षी शिकवतो मी हे! दरवर्षी!
डॉक्टरांना गाठलं. "असेलही. नक्की कुणालाच माहीत नाही अजून."

१४ ऑक्टोबर
आता आमचं बोलणं राधासाठी घेऊन ठेवलेल्या पाटीवर. हे भाडेकरू बाळाला फक्त आईकडूनच मिळतात, हे लिहून दाखवलं. राधाच्या अंगातला एकूण एक नलिनीचा. माझा एकही नाही. कितीतरी दिवसांनी हसली.
"मग मला कशी विसरेल ती?"
तसं नसतं गं. पण हे लिहिलं नाही मी.

२४ नोव्हेंबर
थुंकी साफ!! उद्या राधा येणार. नलिनीने पाळणा धुऊन काढला. "हाक मारायला लागली असेल का हो?" दहादा विचारलं. आपल्याला ती ऐकू येणार नाही, हे नलिनी विसरली होती की काय, कोण जाणे. मी मान डोलावली.

२५ नोव्हेंबर
राधा आली. नलिनीने तिला कवटाळलं. तिच्या खांद्यावरून मागे मालनकडे हात पसरून राधा रडायला लागली — "आई! आई!" मालन मान खाली घालून उभी.
"काहीतरी बोलली ना ती? मला छातीला जाणवलं. काय म्हणाली?"
पाटीवर लिहिलं, 'आई म्हणाली.'
ती पाटी नलिनी मला पुसू देत नाही.