शेजारच्या गच्चीवरच्या बिबड्या

जळगाव. मंगळवार, संध्याकाळ.

दवाखान्यातून सुटून आठवडा झाला. रिपोर्ट निगेटिव्ह आहे. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं मोकळी व्हायला रोज चाला. लॉकडाऊनमध्ये चालायचं कुठं? सगळी कॉलनी चालते तिथंच, आपापल्या गच्चीवर. ही टूमही मीच काढलेली. पोलीस रस्त्यावर फिरू देईनात, तेव्हा एकेकाला हाक मारून मीच वर बोलावलं होतं.

आज सकाळी वर गेलो. मला पाहताच समोरच्या भाऊंनी नाकाला रुमाल लावला आणि जिना उतरले. ठीक आहे, घाबरतो माणूस.

पण शेजारच्या वहिनी! ज्वारीच्या बिबड्या, आमच्याकडचे वाळवणाचे पापड, नुकत्याच साडीवर थापलेल्या. साडीची टोकं धरून त्या ओढतच निघाल्या. म्हणाल्या, "नाना, राग मानू नका, पण वारा तुमच्याकडून येतोय."

ओल्या बिबड्या एकमेकींना चिकटल्या. दरवर्षी त्यांचा घाटा, चुलीवर शिजणारं ते घट्ट पीठ, आमची हीच ढवळून द्यायची. पहिली ओली बिबडी तेल लावून माझ्याच हातावर यायची. आणि यंदा माझा वारासुद्धा नको?

रिपोर्ट खिशातच होता. दाखवणार कुणाला? त्यांनी तोंड फिरवलेलं.

शेवटी मीच म्हणालो, "राहू द्या वहिनी, मी उतरतो." जिन्यातून मागे पाहिलं, तर साडी पुन्हा उन्हात पसरली होती, आणि वहिनी चिकटलेल्या बिबड्या एकेक करून सोडवत होत्या. किती हळुवार हातानं!