राजा-राणीखालच्या पायरीवर टॉवर

१८ सप्टें., गुरु.
डॉ.नी आज सासूबाईंना साफ सांगितलं, गुडघे वाचवायचे तर जिना बंद. झालं! गच्ची बंद म्हणजे शांतामावशी बंद. शेजारी दोन उंच बिल्डिंगी उठल्यापासून आमच्याकडे खाली रेंज मेलीच आहे. रोज संध्याकाळी सा.बा. गच्चीवरून कृष्णराजनगरला धाकट्या बहिणीशी बोलणार, हा नेम. म्हटलं, "मी वर जाऊन निरोप देत जाईन." तर, "सुम्ने, गप राहा. भांडण काय निरोपानं करू?"

२० सप्टें., शनि.
सापडलं!! स्टाफरूममध्ये कळलं. वायफाय कॉलिंग! टॉवरची रेंज नसली तरी साधा फोन घरच्या वायफायवरून जातो. नंबर तोच, समोरच्यानं काही करायचं नाही. म्हणजे घरात फायबर घेतला की खाटेवर बसून बोला. धावत घरी आले. सा.बा.: "इंटरनेट घरात नको. पेपरात रोज कुणी ना कुणी फसतंय." विषय संपला.

२१ सप्टें., रवि.
बोंबेहब्बाच्या, म्हणजे दसऱ्यात पायऱ्यांवर मांडायच्या, बाहुल्या काढल्या. दरवर्षी तीच भाजीवाली, तीच वरात. यंदा फोनच मांडला! वर राजा-राणी (त्यांना हलवायची माझी छाती नाही). खाली उंच शिपाई, तो टॉवर. मग पुठ्ठ्याची भिंत, भिंतीआड म्हातारी, तिला रेंज नाही. रस्त्यातून घरात येणारी जरीची तार म्हणजे फायबर. दारात वाणी, तो राउटर. जरीतून आलेला माल घरभर हवेतून वाटतो, तेच वायफाय.
सा.बा. बघत होत्या. "वाण्याच्या दुकानाला कुलूप नको?"
"असतं ना. पासवर्ड."
उठल्या, पितळी कुलूप आणून वाण्यापुढे ठेवलं. मी आतून नाचतेय!

२५ सप्टें., गुरु.
काय सांगू! गल्लीतल्या बायका बाहुल्या बघायला आल्या, मी तोंड उघडायच्या आत सा.बा. सुरू. "रेंज वेगळी, स्पीड वेगळा. रेंज म्हणजे टॉवरचं आपल्यापर्यंत पोचतं की नाही. स्पीड म्हणजे वाणी किती भराभर माप घालतो. दहा गिऱ्हाइकं एकदम आली तर उशीर होणारच की नाही, अल्वा?" ओटीपी कुणाला सांगायचा नाही, ही प्रत्येकीला शपथ. प्रसादाची उसळ वाटायची राहूनच गेली.
एकीनं विचारलं, "मग तुमच्याकडे आहे वाटतं वायफाय?" सा.बा. गोऱ्यामोऱ्या.
जेवताना: "तो फायबरवाला कधी येतो म्हणालीस?" मी म्हणालेच नव्हते!

३० सप्टें., मंगळ.
आला! केबल ओढली, दिवे लागले. सा.बां.च्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं. "लावा ना." "उद्या आयुधपूजा. आधी पूजा, मग फोन." अय्यो देवा.

१ ऑक्टो., बुध.
राउटरला हळदकुंकू, वर झेंडू. संध्याकाळी खाटेवर बसून लावला. रिंग गेली! मावशीनं उचलला, पण धापा टाकत.
"धाप कसली गं?"
"गच्चीवर आलेय. इथं तरी खाली रेंज कुठाय?"
"मी फोन करत नव्हते, तरी चढत होतीस?"
"आलाच तर, म्हणून..."
मला रडूच फुटलं. मग सा.बा. ओरडल्याच, "आधी खाली उतर! कठडा धरून!" मावशी उतरायला लागली आणि फोन कटला.
पुन्हा वर चढून तिनंच लावला. दणदणीत भांडण झालं. किती बरं वाटलं!

२ ऑक्टो., गुरु.
विजयादशमी. रीतीप्रमाणे राजा-राणीला निजवलं. शिपाई, वाणी, म्हातारी, जर, कुलूप मात्र सा.बां.नी पेटीत ठेवू दिलं नाही, पिशवीत भरलं.
"कृष्णराजनगरची सकाळची बस कधी?"
"अहो, गुडघे!"
"बसला काय जिना असतो?"
मावशी इंटरनेट नकोच म्हणणार, बहीण कुणाची! पिशवी दारात ठेवलीय.