व्याह्याच्या कोटाला अठरा टाके

१२ ऑक्टोबर १९९६

चि. कुल्शीस ओरिन्शाआपाचे अ. उ. आ.

आज आमच्या दारात कोण टपकलं असेल, सांग! बातिमा! सापाबेकची बायको. हातात मिठाईचा डबा, दात सगळे बाहेर. म्हणते कशी, आपा, तुमच्या नातीला, आइनाशला, आमच्या बेइबितसाठी मागायला वीस तारखेच्या रविवारी येऊ का? मी चहा ओतत होते, तो वाटीबाहेर गेला.

सापाबेक विसरलीस का गं? इथल्या दवाखान्यांचा साहेब. वसंतात त्याने नर्सबायांचा पगार तिसऱ्या हिश्श्याने कापला. मग ऑगस्टात सगळ्यांना बसवून कागद वाटले आणि लिहून घेतलं, की मी स्वखुशीने सहा महिने बिनपगारी रजा मागते. न लिहील ती कायमची घरी. देशावर कठीण दिवस आहेत म्हणे, प्रत्येकाने थोडं सोसायला हवं. अठरा जणींनी लिहिलं, त्यात आपली झिबेक, आइनाशची आई. एकोणिसावी नर्स बातिमा, तिच्यापुढे कागद आलाच नाही.

माझा लेक गेल्यापासून हे घर सुनेच्या पगारावर. आता झिबेक बाजारात भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया विकते, थंडीने हात फुटलेत तिचे. हिवाळ्याचा कोळसा भरलेला नाही. आणि ही बया सोयरीक मागते! या म्हटलं, अवश्य या. आत रक्त उकळत होतं आणि मी गोड हसत होते. माझ्या हातून सापाबेक सुटत नाही बघ.

तुझ्या नातवंडांचे मुके घे. माया आहेच, पत्राने ती ऊब धरते.

तुझी ओरिन्शाआपा

१६ ऑक्टोबर

ती. आपास धाकट्या बहिणीचा, कुल्शीचा सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. तू हसतेस म्हणजे कुणाची तरी शंभरी भरली. माझ्या लग्नात नवऱ्याच्या काकाला तू कालव्यात ढकललंस, तो मरेपर्यंत तुझं नाव काढलं की खोकायचा.

आइनाशचंही पत्र आलंय. तिचा बेइबितवर जीव आहे, आणि पोरगा बापावर गेलेला नाही. संध्याकाळी झिबेकची बियांची पोती तोच घरी वाहतो, हे तूच लिहिलं होतंस. म्हणून हात जोडते, पोरीची सोयरीक मोडेल असं काही करू नकोस. रीतीत बसेल तेवढंच कर. त्याबाहेर एक बोट नाही.

गुडघ्याला लोकर बांध. तुझा लोभ असाच राहू दे.

तुझी कुल्शी

२१ ऑक्टोबर

चि. कुल्शीस अ. उ. आ.

रीतीबाहेर एक बोट गेलं नाही! व्याह्यांना छळायचा हक्क मुलीकडच्या वहिन्यांचा, हे आजीच्या आजीपासून चालत आलंय, आणि व्याह्याने रागवायचं नाही. आता आइनाशला सख्खी वहिनी नाही. मग मी रजेवरच्या अठराही जणींना वहिन्या म्हणून बोलावलं.

सापाबेकला मानाच्या जागी मऊ गोधडीवर बसवलं. रीतीप्रमाणे मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी दह्यात बुडवून माझ्या हाताने भरवली, उरलेलं दही तोंडाला फासलं. तो हसला, साहेब मोठा रसिक. तो चघळत असताना मागे वहिन्या त्याच्या कोटाला एकेक टाका घालत होत्या. कुल्शी, जखमेला घालतात ना, तसला टाका! अठरा जणींचे अठरा. चहा झाला, तो उठायला गेला, तर गोधडीही उठली.

रीतीप्रमाणे त्याने सुटकेची भेट काढली, रेशमी कापड. मी म्हटलं, कापड नको, कागद हवा. इथून पुढे रजा एकोणीसही जणींना पाळीपाळीने, दोन-दोन महिने, पहिली पाळी बातिमाची, आणि तिच्या जागी उद्यापासून झिबेक. तो लाल झाला. म्हणाला, आपा, ही थट्टा नव्हे. मी म्हटलं, व्याही, थट्टाच आहे, रागावलात तर गाव नातवंडांपर्यंत हसेल. बातिमा रडायला लागली, तिच्या कंबरेचं औषध महाग म्हणे, बिनपगारी घरात बसून भागायचं कसं! मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, विहीणबाई, देशावर कठीण दिवस आहेत, प्रत्येकाने थोडं सोसायला हवं. अठरा जणी एकदम खोकल्या.

बेइबितने बापाला लेखणी दिली. नवरा-बायको दोघांनी लिहिलं. मी अडाणी, मला कुठलं वाचायला येतंय, असं सोंग करून सापाबेकलाच मोठ्याने वाचायला लावलं. दोनदा. स्वखुशीने हा शब्द तिसऱ्यांदा. आहाहा!

मग बातिमाने आइनाशच्या कानात सोयरिकीचे डूल घातले. पोर अशी लाजली, की मला क्षणभर साहेबाची दया आली. क्षणभरच.

पण कोल्हाच तो. गोधडीसकट दारात जाऊन म्हणतो, ऑफिसच्या शिक्क्याशिवाय हा कागद रद्दी. बरं, म्हटलं, मग शिक्का येईपर्यंत कोट गोधडीला राहू दे, टाका काढायला नर्सला पगार लागतो. गेला माझ्या म्हाताऱ्याची जुनी बंडी घालून, सगळ्या गल्लीतून.

आमच्या आनंदातला वाटा तुझ्याकडे पाठवलाय असं समज आणि जीव लावलास तसाच लाव.

तुझी ओरिन्शाआपा

ता. क. शिक्का घेऊन गुरुवारी येतो म्हणालेत, व्याही-विहीण दोघेही.