एनिडच्या डब्यातला क्लच

सोमवार, ४ एप्रिल १९९४

क्लच परत आला. सतरा वर्षांनी. बिस्किटांच्या डब्यात!

एनिड स्वतः घेऊन आली, वरच्या गावातून सगळ्या पायऱ्या उतरून, डबा काखोटीला मारून. दारातच म्हणाली, "कोळशाची खोली रिकामी करतेय. हे तुझं." आत आली नाही. मीही ये म्हटलं नाही.

आमच्या घटस्फोटाचा कागद आला त्या संध्याकाळी बाईंनी माझ्या १९३८च्या मोटारसायकलचा क्लच उतरवून नेला होता. गॅरेजवाल्याची लेक ती. चहा गार व्हायच्या आत काम फत्ते. "गाडी तुझी, क्लच माझा. आता जा रविवारी कुठे जायचं तिथे!" तेव्हापासून गाडी शेडमध्ये आहे आणि मीही बराचसा तिथेच असतो.

खोली का रिकामी करतेय ते जाता जाता सांगितलं. २८ मेला ती ऱ्हिलला जातेय, बहिणीकडे, समुद्रकाठी. कायमची.

मी म्हणालो, "हवा चांगली असते तिथे."

वा रे पठ्ठ्या! सतरा वर्षांत हेच एक वाक्य जमवून ठेवलं होतं.

बुधवार, ६ एप्रिल

डबा उघडायचं धाडस आज केलं. प्लेटा एकमेकींना अशा चिकटल्यात की वेगळ्या करायला छिन्नी लागली. प्लेटा बसतात ती बास्केट गंजून लालभडक. स्प्रिंगांचा रंग जुन्या चहाचा. प्लेटांच्या भोकांतले बुचाचे तुकडे तर हात लावताच भुगा.

नॉर्मन बघून गेला. नॉर्मन म्हणजे आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचा चिटणीस. माणूस चांगला आहे, हेच त्याचं वाईट आहे. म्हणाला, "क्लिफ, अरे नवा क्लच मिळतो. तीनदा कॅटलॉग दिला तुला. दर वेळी म्हणतोस, पार्ट मिळत नाहीत."

मी म्हणालो, नवा तो नवाच.

शनिवार, ९ एप्रिल

गंज उतरावा म्हणून प्लेटा आणि बास्केट काकवीत बुडवली. घोड्यांच्या खाद्याच्या दुकानातून पिंपभर आणली. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, आणि धीर. तीन आठवडे! दुकानदाराने विचारलं, "घोडा कितीचा?" म्हटलं, छप्पन्न वर्षांचा. त्याने पावती फाडली.

स्प्रिंगांसाठी एवढा धीर कोण धरतो? त्या व्हिनेगरमध्ये टाकल्या. घराला तळलेल्या मासे-बटाट्यांवर व्हिनेगर ओतणाऱ्या दुकानासारखा वास येतोय, खायला मात्र काही नाही.

मंगळवार, १२ एप्रिल

स्प्रिंगा चांदीसारख्या निघाल्या! स्वतःवर खूश होऊन एक दाबून बघितली. तुटली. दुसरी दाबली. तीही.

नॉर्मन फोनवर: "आम्लात टाकल्यास? स्प्रिंगा? अरे, पोलाद ठिसूळ होतं त्याने. शेंबड्या पोरालाही माहीत असतं!"

शेंबड्या पोरांना विचारायचं राहूनच गेलं. स्प्रिंगा नव्या मागवल्या. तेवढ्याच. बाकी सगळा एनिडचाच क्लच राहणार.

रविवार, १७ एप्रिल

पिंपाला फेस आलाय. शेजारच्या मिसेस प्रॉबर्टनी कुंपणावरून विचारलं, "क्लिफर्ड, काही मेलंय का?"

सोमवार, २ मे

पिंपातून प्लेटा काढल्या. गंज साफ! खाली करडं, स्वच्छ लोखंड. ब्रशने घासून, धुऊन, तेल लावून वर्तमानपत्रावर मांडल्या आणि त्यांच्याकडे बघत चीज-पाव खाल्ला. कांद्याचं लोणचंही घेतलं. सणच होता.

एका प्लेटेच्या कडेला काहीतरी कोरलेलं दिसलं. भिंग लावलं. 'ए. आणि क.' लग्नानंतर पहिल्यांदा क्लच खोलला तेव्हा तिने खिळ्याने ओरखडलं होतं. "इथे कोणी बघायला येत नाही," असं म्हणाली होती. सतरा वर्षं आधी गाडीत, सतरा वर्षं कोळशात. त्यानंतर मी दिवसभर काही केलं नाही.

रविवार, ८ मे

बुचं. प्लेटेच्या भोकांत बुचाचे तुकडे बसवावे लागतात. पबवाल्याने वाइनच्या बाटल्यांची पिशवीभर बुचं दिली. उकळली, कापली, ठोकून बसवली, कानशीने सपाट केली. बोटं सपाट झाली, बुचं वरखालीच.

पबमध्ये नॉर्मन भेटला. गुरुवारी एनिडला गाडीतून सामान भरायला रिकामे खोके आणून दिले म्हणे. "विचारलं तिने तुझं. म्हणाली, तो अजून रस्ता चुकला तरी कोणाला विचारत नाही का?"

एकदा वेल्समध्ये रस्ता चुकलो होतो, त्याबद्दल बोलतेय. मी विचारलं नाही हे खरं. पण शेवटी समुद्र लागला की! भलता लागला, पण लागला.

शनिवार, २१ मे

आज क्लच चढवला. किक मारली. इंजिन पेटलं! डोळ्यांत पाणी आलं, धुरानेच असणार. क्लच दाबला, गिअर टाकला, आणि गाडी मला घेऊन थेट मिसेस प्रॉबर्टच्या रूबार्बच्या वाफ्यात.

क्लच पूर्ण दाबलेला होता. तरी सुटला नाही. प्लेटा घट्ट मिठी मारून बसलेल्या.

मिसेस प्रॉबर्ट म्हणाल्या, "सतरा वर्षं शांत होतात ना तुम्ही?"

रविवार, २२ मे

परत खोललं. सगळं जागच्या जागी. काकवीला शिव्या दिल्या, बुचांना दिल्या, गाडीला दिल्या. नाचता येईना, अंगण वाकडं!

मग गाडीच्या पुस्तकातली आकृती निरखून बघितली. क्लच सोडवणाऱ्या दांड्याच्या टोकाशी एक पोलादी गोळी हवी. वाटाण्याएवढी. दांडा तिला ढकलतो, ती प्लेटा सोडवते. गोळी नसेल तर दांडा तोकडा पडतो आणि लिव्हर नुसतं हवेत हलतं.

डब्यात गोळी नव्हती. डबा उपडा केला, झटकला. नाहीच.

सोमवार, २३ मे

सायकलच्या दुकानातून गोळी आणली. दोन पेन्स. माप बरोबर. बसवायला पाच मिनिटं.

बसवली नाही.

शेडमध्ये स्टुलावर बसून राहिलो. गोळी हातात. बसवली की क्लच चालणार, काम संपणार, शनिवारी एनिड ऱ्हिलला जाणार, आणि माझ्याकडे तिच्या दारात जायला काही कारण उरणार नाही. हे इथे लिहितोय कारण इथे कोणी वाचत नाही. मला ती जायला नको आहे. कॅटलॉग तीनदा आला आणि तीनदा मी तो चुलीत घातला, कारण तिचा क्लच कधीतरी तीच परत आणेल असं वाटत होतं. आणून दिला, तर हा गाढव म्हणतो हवा चांगली असते!

बुधवार, २५ मे

पायऱ्यांपर्यंत गेलो. अर्ध्या चढलो. गुडघे दुखले म्हणून परत आलो. गुडघे दुखत नव्हते.

गुरुवार, २६ मे

गेलो. घरभर खोके. विचारलं, "एनिड, क्लचची गोळी तुझ्याकडे राहिली का?" दुकानातली माझ्या खिशातच होती.

तिने साखरेच्या भांड्यातून गोळी काढून टेबलावर ठेवली. लखलखीत, तेल लावलेली. "डबा द्यायच्या आदल्या दिवशी काढून ठेवली," म्हणाली. "म्हटलं, बघू, हा विचारायला येतो का. आज सात आठवडे झाले, क्लिफ. मी खोके भरून भरून दमले."

मी गोळी उचलली नाही. विचारलं, "जायलाच हवं का?"

तिने किटलीत पाणी भरलं. मग म्हणाली, "परत विचार. नीट ऐकू आलं नाही."

तिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. मी परत विचारलं.